किशोरवय, मनःशांती आणि माझी श्रद्धा

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेले भाषण)



समितीने फोन केला तेव्हा दोन गोष्टी बजावल्या. एक, वीस मिनिटांत आटपायचं, कारण नंतर चहा आहे. दुसरी म्हणजे, "तू ख्रिश्चन, जन्मभर नर्स, आणि आता चर्चमधल्या पोरांसाठी काहीतरी करतेस, तेव्हा या विषयावर तूच बोल." शीर्षक समितीनेच ठरवलं. मला विचारलं असतं तर 'मनःशांती' हा शब्द मी घातला नसता. तो आपल्या वयाचा शब्द आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला मनःशांती नको असते. त्याला मार्क हवे असतात, एका ठरावीक बाकावरच्या मुलीने आपल्याकडे बघायला हवं असतं, रात्री आईबाबांची भांडणं ऐकू यायला नको असतात. यातलं काहीच होत नाही तेव्हा त्याला झोप येत नाही. विषय तिथून सुरू होतो.

समितीने हा विषय का निवडला ते आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. निकालानंतर आपल्या ग्रुपवर तीन दिवस कुणी सुप्रभातची फुलं पाठवली नव्हती. आपल्यातल्या एकीचा नातू हॉस्पिटलात होता. तो आता बरा आहे. त्याच्याबद्दल मी थोडं बोलणार आहे. त्याच्या आजीला विचारलंय आणि त्यालाही विचारलंय. तो म्हणाला, "नाव नको, बाकी सांगा."

आधीच एक खुलासा करते. आजकाल एखादी ख्रिस्ती बाई माइकसमोर उभी राहून 'श्रद्धा' म्हणाली की चार लोक खुर्चीत सावरून बसतात. मी कुणाला माझ्या धर्मात न्यायला आलेली नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाने धर्म बदलावा असं मी कधी सुचवणार नाही, आणि असं सुचवणाऱ्याला आमच्या शनिवारच्या वर्गात पाऊल ठेवू देणार नाही. मला विषय दिलाय तो माझ्या श्रद्धेत अस्वस्थ मुलासाठी काय आहे, एवढाच. तो मी जमेल तितका खरेपणाने मांडते.

आपल्या वर्गात ख्रिस्ती मी एकटीच. तुम्हाला वाटायचं, हिच्या घरी सगळे इंग्रजी बोलतात आणि रोज केक खातात. आमच्याकडे रोज भात आणि माशाचं कालवणच असायचं, आणि माझ्या आजीला इंग्रजीत सहीसुद्धा करता येत नव्हती. आजोबा नगरकडचे, मिशनच्या शाळेत मास्तर म्हणून कोकणात आलेले. आजी पहाटे चुलीपुढे बसून भजनं म्हणायची. शेजारच्या काकू आईला विचारायच्या, "तुमच्यात पण अभंग म्हणतात?" म्हणतात तर! आजी म्हणायची ते अभंग रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे होते. आजही महाराष्ट्रात कुठल्याही मराठी चर्चमध्ये रविवारी गेलात तर त्यांची दोन-तीन गीतं हमखास कानावर पडतील.

हे टिळक आपल्या जिल्ह्याचे, हे मला शाळेत असताना कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा जिल्हा म्हटलं की लोकमान्य टिळक. ते बरोबरच आहे. पण करजगावात ६ डिसेंबर १८६१ रोजी जन्मलेला हा दुसरा टिळकही आपलाच, आणि मागच्या बाकांवरच्या मुलांना मी आज त्याचीच गोष्ट सांगणार आहे. कारण तो पंधरा वर्षांचा होता तेव्हा त्याच्याइतका अस्वस्थ मुलगा शोधून सापडला नसता.

आईला गाण्याची, कवितेची आवड. वडील तापट. मुलाचा सगळा जीव आईत. ती गेली तेव्हा नारायण अकरा-बारा वर्षांचा होता. त्यानंतर त्याला घर घर वाटेना. तो निघून गेला आणि नाशिकला पोहोचला. आज असं झालं तर पोलिसात तक्रार होते, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरतो. तेव्हा एक मुलगा नाशिकच्या रस्त्यावर उभा होता, इतकंच. त्याचं नशीब असं की तिथे त्याला आसरा मिळाला, गणेशशास्त्री लेले यांच्यासारखे गुरू मिळाले. संस्कृत आलं, थोडं इंग्रजी आलं, कविता तर आईकडूनच आलेली होती.

मन मात्र थाऱ्यावर आलं नाही. पुढची वीस वर्षं हा माणूस फिरत राहिला. लग्न झालं, मुलं झाली, नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या, कीर्तनं केली, पुराणं सांगितली, नागपूरला एका धनिकाच्या आश्रयाने ग्रंथांचं काम केलं. न सांगता घरातून निघून जाणं ही तर सवयच. हे मी माझ्या मनचं सांगत नाही. त्यांच्या पत्नीने, लक्ष्मीबाईंनी, 'स्मृतिचित्रे'त सगळं लिहून ठेवलंय. त्याचा पहिला भाग १९३४ साली आला. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचा. नवऱ्याचा इतका राग आणि इतकं प्रेम एकाच पानावर मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत टिळकांना एक युरोपियन गृहस्थ भेटले. गप्पा कवितेवरून सुरू झाल्या. उतरताना त्या गृहस्थांनी त्यांना नवा करार भेट दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही केलं. टिळकांनी पुढे स्वतः ही हकीगत सांगितली आहे. त्यांनी पुस्तक वाचायला घेतलं आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले. त्या प्रवचनात उद्याच्या काळजीचा एक भाग आहे. आभाळातली पाखरं आणि रानातली फुलं दाखवून येशू विचारतो की यांची कुणी काळजी घेत असेल, तर तुमची घेणार नाही का? एरवी सुविचारासारखं वाटेल असं हे बोलणं, पण लहानपणी घर सुटलेल्या माणसाला ते कसं लागलं असेल याचा विचार करा. आपल्याला कुणीतरी बघतंय, मोजतंय, आपण हरवलो तर शोधणारा कुणीतरी आहे. किशोरवयातली जी भूक होती, तिला उत्तर मिळालं तेव्हा ते एकतीस-बत्तीस वर्षांचे होते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आता आमच्याकडे ही गोष्ट सांगताना पुढचा भाग झटपट उरकतात. मला ते पटत नाही. या बाप्तिस्म्याने लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. पदरात लहान मुलगा, माहेर-सासर हादरलेलं, आणि नवरा असून नसल्यासारखा. त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे त्या टिळकांकडे आल्या तेव्हाही स्वतःचा धर्म, स्वतःचं सोवळं घेऊन आल्या, आणि स्वतःच्या डोक्याने विचार करत करत १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांना जी शांती मिळाली तिची किंमत त्यांच्या बायकोनेही मोजली होती, हे आम्ही ख्रिस्ती माणसांनी विसरू नये.

आणि ते स्वतः तरी शांत झाले का? 'स्मृतिचित्रे' वाचली तर हसू येतं. रेव्हरंड झाल्यावरही राग तसाच, घरातली वस्तू उचलून दुसऱ्याला देऊन टाकणं तसंच, ठरलेलं ऐन वेळी मोडणं तसंच. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, त्यांनी 'देवाचा दरबार' काढला तेव्हाही ते पुन्हा सगळं सोडून निघालेलेच होते. १९१९च्या मे महिन्यात ते गेले. तेव्हा श्रद्धा ठेवली की माणसाचा स्वभाव बदलतो, मन तळ्यासारखं निवांत होतं असं कुणी सांगितलं तर माझा विश्वास बसत नाही. टिळकांच्यात बदललं ते एवढंच की अस्वस्थता घेऊन कुठे जायचं ते त्यांना कळलं. पूर्वी ते घर सोडून जायचे, आता लिहायला बसायचे. शंभराहून अधिक गीतं त्यातून आली. आणि ती लिहिताना ते तुकोबांना विसरले नाहीत. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं ते म्हणत. आजीच्या चुलीपुढे अभंग होता तो त्यामुळे.

याच घरातली दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं. तिथे त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सतरा वर्षांच्या पोराने कविता म्हटली आणि सभा डोक्यावर घेतली. तोच आपला बालकवी. पुस्तकातल्या हसऱ्या श्रावणामुळे आपण त्याला आनंदाचा कवी समजतो. त्याच्या बाकीच्या कविता वाचल्या की कळतं, या मुलाच्या मनात किती काळोख होता. टिळक त्याला नगरला, आताच्या अहिल्यानगरला, स्वतःच्या घरी घेऊन गेले. लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर पोटच्या पोरासारखी माया केली, त्याची खोडी काढली, त्याला रागावल्याही.

त्या घरात त्याला कुणी ख्रिस्ती केलं नाही. तो हिंदू म्हणून आला आणि हिंदूच राहिला. टिळक तेव्हा धर्मोपदेशक होते, माणसं ख्रिस्ताकडे यावीत अशी त्यांची मनापासून इच्छा होती, हे ध्यानात घ्या. तरीही त्या मुलाला काय मिळालं, तर वेळेवर पान, झोपायला जागा, आणि त्याची कविता रात्री बसून ऐकणारा एक मोठा माणूस. १९१८च्या मे महिन्यात, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, भादलीजवळ रेल्वे रुळांवर तो गेला. त्याच्या मनातला काळोख टिळकांच्या घराने संपवला असं मी म्हणत नाही. पण त्याच्या आयुष्यातले ते दिवस उजेडाचे होते. मला विचाराल तर ख्रिस्ती श्रद्धेचं इतकं चांगलं काम टिळकांच्या कुठल्याच प्रवचनाने केलं नसेल.

दापोलीच्या मिशन शाळेचं असंच. साने गुरुजी तिथे शिकले, भारतरत्न पां. वा. काणे तिथे शिकले. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारा माणूस पाद्र्यांच्या शाळेतला, ही आपल्या कोकणाची गंमत आहे. पण हे विषयांतर झालं, चहाची वेळ मला आठवतेय.

पंडिता रमाबाईंचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, कारण मागे बसलेल्या मुलींपैकी काहींचं वय तेव्हाच्या रमाबाईंएवढंच आहे. सोळाव्या वर्षी, दुष्काळात, उपासमारीने त्यांचे आईवडील गेले, पाठोपाठ बहीण गेली. ज्या देवांची तीर्थं करत हे कुटुंब हिंडत होतं त्यांच्यावरचा त्यांचा विश्वास उडाला. पुढे १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण ज्याला त्या स्वतः शांती म्हणतात ती त्यांना त्यानंतर आठेक वर्षांनी मिळाली. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्यांनी स्वतःच नंतर लिहिलं. रमाबाईंसारख्या बुद्धीच्या बाईला आठ वर्षं लागली, आणि आम्ही मुलांना सांगतो, 'प्रार्थना कर, उद्यापासून बरं वाटेल.' कुठून वाटणार?

आता पुस्तकातलं बाजूला ठेवते.

तीसेक वर्षं मी कॅज्युअल्टीत काढली. दहावी-बारावीच्या निकालाच्या रात्री आम्ही नर्सेस ड्यूटी बदलून घ्यायला बघायचो, कारण त्या रात्री कोण येणार ते माहीत असायचं. आलेलं मूल शुद्धीवर आलं की पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असायचा, "बाबा चिडलेत का?" या सभागृहातल्या प्रत्येक बापाने आणि आजोबाने हे लक्षात ठेवावं म्हणून सांगतेय.

निवृत्त झाल्यावर मी चर्चमध्ये शनिवारी संध्याकाळी मुलांना जमवायला लागले. तेरा ते अठरा वयाची, कधी आठ, कधी वीस. सगळी ख्रिस्ती नाहीत. दोघं गिटारसाठी येतात, एकजण माझ्या वड्यांसाठी येतो असा मला दाट संशय आहे. आल्यावर फोन टोपलीत टाकायचा हा एकच नियम. आणि मार्क सांगायचे नाहीत, चांगले असले तरीही नाहीत. हा दुसरा नियम मुलांनीच घातला.

सुरुवातीला मी त्यांना आशेचे, विजयाचे उतारे वाचून दाखवायची. मुलं जांभया द्यायची. मग एकदा एलीयाची गोष्ट काढली. पहिल्या राजांच्या पुस्तकात, एकोणिसाव्या अध्यायात आहे. एलीया मोठा संदेष्टा. आदल्याच दिवशी मोठा विजय मिळवलेला. राणीची एक धमकी येते आणि हा माणूस पळत सुटतो. नोकराला मागे ठेवतो, रानात एकटाच जातो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो की आता पुरे, मला मरण दे. पवित्र शास्त्रात, संदेष्ट्याच्या तोंडी हे आहे! मुलं एकदम गप्प झाली. एका मुलीने विचारलं, "मग देव चिडला?"

देव चिडत नाही. एलीया झोपतो. देवदूत त्याला हलवून उठवतो, उशाशी भाजलेली भाकर आणि पाण्याचा लोटा. तो खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा येतो, पुन्हा खायला घालतो. उपदेशाचा एक शब्द नाही. पुढे तो चालत डोंगरावर जातो. तिथे सोसाट्याचा वारा येतो, भूकंप होतो, आग पेटते, आणि त्यांत कशातच देव नसतो. मग अगदी हलका आवाज येतो. तो आवाजही आधी एवढंच विचारतो की तू इथे काय करतोस. आणि शेवटी त्याला काम दिलं जातं, आणि अलीशा नावाचा सोबती मिळतो.

नर्स म्हणून सांगते, यात बदलण्यासारखं काही नाही. आधी झोप, खाणं, पाणी. उपदेश नाही. मग ऐकणं. मग थोडं काम आणि सोबत. हा क्रम उलटा केला की मूल हातचं जातं. आणि आपण तो रोज उलटा करतो. आधी उपदेश, मग काम, आणि जेवण ताटात गार होत असतं.

दुसरं, स्तोत्रं. दावीदाच्या नावाने ओळखली जाणारी दीडशे स्तोत्रं आहेत. त्यांत स्तुती आहे, पण तक्रारीही तितक्याच आहेत. देवा, कुठे आहेस, किती दिवस तोंड फिरवणार, अशी सरळ सरळ भांडणं. ८८वं स्तोत्र तर अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी एकही दिलाशाची ओळ नाही. मी मुलांना वह्या दिल्या आणि सांगितलं, आपापलं भांडण लिहा, मी वाचणार नाही. दहा मिनिटं खोलीत पेनांचा आवाज तेवढा येत होता. आपल्या तुकोबांनी विठ्ठलाशी किती भांडण केलंय, तेव्हा हे मराठी मुलांना शिकवावं लागत नाही. फक्त देवाशी भांडायची परवानगी आहे, हे सांगावं लागतं. माझ्या श्रद्धेत अस्वस्थ मुलासाठी काय आहे असं विचारलंत तर मी हीच परवानगी आधी सांगेन. हसरा चेहरा घेऊन यायची अट नाही.

खुद्द येशूकडेही तसा हसरा चेहरा नव्हता. धरून नेलं त्याच रात्री गेथशेमाने बागेत तो पेत्र, याकोब आणि योहान या तिघांना सांगतो की माझा जीव फार घाबरलाय, तुम्ही जागे राहा. त्याला सल्ला नको होता. कुणीतरी जवळ जागं असावं, एवढंच हवं होतं. आणि तिघंही झोपले. मित्रमैत्रिणींनो, आपल्या घरात रात्री दोन वाजता एका खोलीत दिवा चालू असतो. आपण कुशीवर वळतो आणि म्हणतो, 'अभ्यास करतोय.'

आता त्या मुलाबद्दल.

बारावीनंतर त्याला बाहेरगावी क्लासला ठेवलं होतं. डॉक्टर व्हायचं होतं. त्याला नव्हे, घराला. सकाळी सहा ते रात्री दहा, आणि दर रविवारी परीक्षा, आणि भिंतीवर क्रमांक. फोनवर तो "ठीक आहे" म्हणायचा. निकालानंतर काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. हॉस्पिटलातून आल्यावर महिनाभर तो खोलीबाहेर आला नाही. आजीने मला विचारलं, "तुझ्या शनिवारच्या पोरांत आणू का? आमच्याकडे कुणी काही म्हणणार नाही." मी म्हटलं, आण, पण त्याआधी मानसोपचारतज्ज्ञाकडे ने, आणि गोळ्या लिहून दिल्या तर त्या घेतल्याच पाहिजेत.

आजी जरा घुटमळली. कारण आपल्या गावात हा शब्दच अवघड. १८८६ पासून आपल्याकडे मनोरुग्णालय आहे, आणि आपण लहानपणापासून त्याच्यावर विनोद करत आलो. बाहेरगावी गेलं की लोक आपल्याला विचारायचे, "रत्नागिरीचे? मग सुटलात केव्हा?" आपणही हसायचो. त्या हसण्यामुळे आज एखादं घर मुलाला डॉक्टरकडे न्यायला चार महिने उशीर करतं.

हा उशीर फक्त लाजेने होत नाही, श्रद्धेनेही होतो, आणि ते बोलणं माझ्याकडे येतं. आमच्यातल्या एका घरी बाहेरून आलेल्या एका उपदेशकाने आईला सांगितलं की मुलाच्या गोळ्या बंद करा, गोळी म्हणजे विश्वास कमी असल्याची खूण. तिने बंद केल्या. दोन आठवड्यांत मूल पुन्हा ढासळलं. मी त्या उपदेशकाशी बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. चार शुभवर्तमानांपैकी एक ज्याच्या नावावर आहे तो लूक स्वतः वैद्य होता असं आम्ही मानतो. डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी मिरजेला एवढं मोठं मिशन हॉस्पिटल उभारलं ते काय विश्वास कमी होता म्हणून? मधुमेहाची गोळी चालते आणि मनाची चालत नाही, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय ते मला कुणीतरी दाखवावं.

तर तो मुलगा डॉक्टरकडे गेला, आणि शनिवारी यायलाही लागला. पहिले सहा शनिवार तो दाराजवळच्या खुर्चीत बसला. प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटायचा नाही, मी सांगितलंही नाही. सातव्या शनिवारी ढोलकी वाजवणारा आला नव्हता. याने विचारलं, "मी बसू?" तेव्हा कळलं की हा भजनात वाजवायचा, क्लासपायी दोन वर्षं सुटलं होतं. टिळकांचा अभंग होता, त्यामुळे त्याला ठेका सांगावा लागला नाही.

त्याला आता शांती मिळाली का? मी त्याला विचारलं, कारण तुमच्यासमोर बोलायचं होतं. तो म्हणाला, "काकू, शांती वगैरे माहीत नाही. पण इथे आलो की डोक्यातला क्रमांकाचा बोर्ड बंद होतो." देवावर विश्वास आहे का असंही मी विचारलं. म्हणाला, "भांडायला बरा आहे." मी पुढे काही विचारलं नाही. तो आता बी.कॉम.ला आहे. रात्रीच्या गोळीचा डोस डॉक्टरांनी निम्मा केलाय. मध्ये एक वाईट आठवडा आला होता, तेव्हा त्याने स्वतःहून फोन केला. मला नाही, १४४१६ला. टेलि-मानस म्हणून सरकारची मोफत सेवा आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मुलांनो, हा नंबर आत्ताच्या आत्ता लिहून घ्या, वहीत नसेल तर हातावर. १४४१६. मोठ्यांनीही घ्या.

आमच्या बाईंकडे बघून एक सांगायचंय. बाई, तुम्हाला आठवत नसेल. आठवीत माझे वडील गेले. त्यानंतर मी शाळेत आले तेव्हा सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते, ते मला सहन होत नव्हतं. तुम्ही काही न बोलता मला वाचनालयाच्या कपाटाची किल्ली दिलीत, मधल्या सुट्टीत पुस्तकं लावायला. वर्षभर ती किल्ली माझ्याकडे होती. त्या कपाटात मला 'स्मृतिचित्रे' सापडलं. तुम्ही ब्राह्मण, मी ख्रिस्ती, पुस्तक त्या दोन्ही बाजूंच्या एका बाईचं, आणि ते मला देवाने दिलं की तुम्ही दिलंत, हा वाद माझ्यापुरता मी कधीच घातला नाही.

सध्याच्या शिक्षकांना एकच विनंती. शाळेत समुपदेशक असेल तर त्याच्या खोलीच्या दारावर पाटी लावू नका. पाटी असली की मुलं जात नाहीत. त्यापेक्षा त्या खोलीत कॅरम ठेवा.

आणि मागच्या बाकांवरच्या मंडळींना. तुम्हाला इथे जबरदस्तीने बसवलंय हे मला दिसतंय. कुणाला काही बोलायचं असेल तर मी जेवणानंतर तिकडे आंब्याच्या पारावर बसणार आहे. तुमच्या बाईंना, सरांना सांगायची गरज नाही. काही बोलायचं नसेल आणि नुसतं बसायचं असेल तरी चालेल, मी विणकाम आणलंय. शनिवारचं आमचं संध्याकाळी पाच वाजता असतं. ढोलकीला माणूस आहे, पेटीला हवाय.

चहा आलेला दिसतोय. नमस्कार.